दर गुरुवारी आजारी पडणारी गाडी

"शिट्टी वाजवत फिरू नका हो काका. चोराला कळतं ना, तुम्ही कुठे आहात ते."

मुलाखतीला मी वेळेआधी पोचले होते आणि जिन्यात उभी होते, तेव्हा हे कानावर पडलं. वरच्या पायरीवर चौकड्यांच्या शर्टातले एक गृहस्थ बिल्डिंगच्या वॉचमनला समजावत होते. वॉचमनचं म्हणणं असं, की शिट्टी नाही वाजवली तर सोसायटीवाले म्हणतात हा झोपला होता. हे ऐकून गृहस्थ असे खूश झाले, जणू कुणी हातावर पेढा ठेवला. म्हणाले, म्हणजे तुमचा खेळ दोघांशी आहे. एक चोर आणि एक सोसायटी, आणि त्यात सोसायटी जास्त अवघड. मग माझ्याकडे वळले. नाव, गाव, डिग्री, काही विचारलं नाही.

"ताई, तुम्ही चोर असता तर काय केलं असतं?"

अनोळखी माणसानं थेट प्रश्न केला की माझं उत्तर पोटात तयार असतं आणि घशाशी येऊन बसतं. त्या दिवशी कसे कोण जाणे, चार शब्द सुटले. "शिट्टी ऐकत बसले असते."

त्यांनी मान हलवली, आत नेलं आणि चहा मागवला. मुलाखत जिन्यातच झाली होती, हे मला आठवडाभरानं कळलं.

हे आमचे सर. ऑफिस नाशिक रोडला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही मोजकी माणसं. काम एका वीज कंपनीसाठी. पूर्वी सबस्टेशनमध्ये माणूस जाऊन हातानं स्विच पाडायचा. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवरून, लांबून होतं. म्हणजे लांब बसलेला एखादा भामटाही त्या कॉम्प्युटरमध्ये शिरून अख्ख्या तालुक्याची लाइट घालवू शकतो. त्याला शिरू द्यायचं नाही, आणि शिरलाच तर वेळेत पकडायचं, हे आमचं काम. अडचण एवढीच, की सबस्टेशनं खूप आणि आम्ही थोडे. रोज एकाच ठिकाणी जाऊन तिथली यंत्रं डोळ्यांनी तपासता यायची. पडद्यावर दिसतं तेच तिथं आहे का, कुणी भलतंच काही जोडून गेलंय का, हे पाहायचं. मग आज कुठे जायचं?

यावर सरांचं उत्तर होतं फासा. खरा फासा नव्हे, कॉम्प्युटरमधलाच, पण आम्ही सगळे त्याला फासाच म्हणायचो. सकाळी सर बटण दाबत आणि एक नाव पडद्यावर येई. दवाखाने, पाणीपुरवठा ज्या सबस्टेशनवर आहेत त्यांची नावं जास्त वेळा येतील आणि लहानसहान ठिकाणांची कमी वेळा, असं गणित त्यांनी स्वतः बसवलं होतं. त्यासाठी मोठमोठी पुस्तकं वाचली होती, समीकरणं मांडली होती. पण सांगायची वेळ आली की ते पुस्तकांवर न जाता निफाडकडच्या घरच्या द्राक्षबागेवर जात. त्यांचे वडील, म्हणजे दादा, बुलबुल हाकलायला रोज ठरलेल्या वेळी फटाका लावत. बुलबुल फटाक्याआधी उठून बांधावरच्या बाभळीवर बसत, आवाज झाला की परत येऊन निवांत मणी टोचत. सर म्हणत, आमच्या दादांचं वेळापत्रक दादांपेक्षा बुलबुलांना जास्त पाठ होतं. म्हणून प्रत्येक जागेची पाळी कमी-जास्त असू दे, पण शून्य कुणाचीच नको. जिथं तुम्ही कधीच जाणार नाही अशी एक जरी जागा राहिली, तर समोरचा तीच शोधून काढणार.

"समोरचा काय बघतोय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. पासवर्ड बदलला की विचारत, सुट्टीचा अर्ज दिला की विचारत, आणि एकदा तर केदार लग्नासाठी मुलगी पाहून आल्यावर विचारला. केदार आमच्यातला बोलका. तो म्हणाला, सर, समोरची मोबाइल बघत होती.

तुम्हीही पाहिलं असेल, जो माणूस ज्याचा उपदेश करतो त्याच्याकडे नेमकं तेवढंच नसतं. दुसऱ्याला बेभरवशाचं वागायला शिकवणारे आमचे सर स्वतः घड्याळासारखे होते. सोमवारी निळा चौकडा, मंगळवारी तपकिरी. डबा उघडला की आधी लोणचं. एकदा त्यांनी मनावर घेतलं, की आपणही घरी जायचा रस्ता रोज छापा-काटा करून ठरवायचा. दोन-तीन दिवस गेले असतील. संध्याकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, ऑफिसच्या फोनवर फोन आला. फोन मी उचलला होता, म्हणून मला नीट आठवतं. काकू शांतपणे म्हणाल्या, "आज छापा पडला की काटा, तेवढं विचार गं. छापा असेल तर बाजारावरून येतील, मेथी आणायला सांग." सरांनी नाणं खिशात ठेवलं, ते परत काढलं नाही.

फोन मी उचलला, हे मी सहज लिहून गेले, पण तेव्हा ते सहज नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी बोलतो, पण मराठी आकडे आले की माझी गाडी घसरते. एकोणसत्तर म्हणजे साठीतलं की सत्तरीतलं, हे आजही मला बोटावर आठवावं लागतं. आणि सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन केला की तो सगळं मराठी आकड्यांत सांगणार, तेही भराभर. "कोन बोलतंय? बाई, मोठ्यानं बोला ना," असं पलीकडून आलं की माझा उरलासुरला आवाजही जाई. सरांनी याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही. फक्त आम्हा दोघांना एकाच वेळी काही सांगायचं असलं की केदारकडे बघून एकोणसत्तर म्हणत आणि माझ्याकडे बघून सिक्स्टी नाइन. एकाच वाक्यात, न अडखळता, जणू मराठी अशीच बोलतात.

शुक्रवारी दुपारी आमचा चोर-पोलिसांचा खेळ असे. निम्म्यांनी सबस्टेशनवर लुटुपुटीचा हल्ला करायचा, निम्म्यांनी राखायचं. मी नेहमी चोर होई. पोलिसांना सारखं एकमेकांशी बोलावं लागतं, चोराला गप्प राहिलं तरी चालतं. सर म्हणत, चोर झालात की मनापासून चोर व्हा. आपल्या माणसांवर दया दाखवलीत, तर खरा चोर काही ती दाखवणार नाही. मी मनापासून चोर होत असे आणि बरेचदा जिंकतही असे. जिंकल्यावर सर विचारत, काय पाहिलंस? मी खांदे उडवी. ते पुढे विचारत नसत.

प्रत्यक्ष सबस्टेशनवर जायची पाळी मात्र चोरालाही चुकत नसे. जागा फासा ठरवी, पण जाणाऱ्या माणसाचा वार ठरलेला. सोमवारी केदार, गुरुवारी मी, असं. सरांचं म्हणणं, कोण येतंय याच्याशी चोराला काय करायचंय, त्याला कुठे येताहेत याच्याशी मतलब.

माझ्या पहिल्याच गुरुवारी सुरगाणा आलं. वणीच्या पुढे घाट लागला आणि माझं पोटही वळायला लागलं. दोनदा गाडी थांबवावी लागली. ड्रायव्हरकाका सिन्नरकडचे, बापाच्या वयाचे. त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं, तोंड दुसरीकडे फिरवून उभे राहिले. सबस्टेशनवर पोचले तर ऑपरेटर आपुलकीनं बोलत होते, पण त्या बाजूच्या बोलीत, आणि मला निम्मं कळेना. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच हसून नागलीची भाकरी वाढली. यंत्रांची तपासणी काकांनी आठवण केली म्हणून कशीबशी पुरी झाली. संध्याकाळी पांढरीफटक होऊन ऑफिसात परतले. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खालून लिंबू-सरबत मागवलं आणि केदारला म्हणाले, आज तिच्याशी बोलू नकोस, म्हणजे तुला जमेल तेवढं.

त्यानंतर माझ्या वाट्याला कधी सिन्नर आलं, कधी दिंडोरी, कधी घोटी. सपाटीवरचे रस्ते, घोटीला तर तांदळाच्या दुकानांपाशी थांबून काकांनी पाहुण्यांसाठी इंद्रायणीही घेतला. मी हळूहळू गुरुवारला घाबरेनाशी झाले. नशीब चांगलं, असं म्हणायचे.

मग एकदा सिन्नरच्या वाटेवर ड्रायव्हरकाका फुरंगटून बसलेले दिसले. मी कधी स्वतःहून काही विचारत नाही, पण त्यांचा चेहराच एवढा पडला होता की विचारलं. ते म्हणाले, "सरांना सांगा ना मॅडम. माझ्या गाडीला कायबी झालेलं नाय. दर गुरुवारी आजारी पाडतेत तिला. आन् सोमवारी तीच गाडी केदारसायबाला घेऊन घाट चढती."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. फासा पुन्हा टाकायची एक सोय होती. रस्ता बंद असला, गाडी नादुरुस्त असली, तर सर दुसऱ्यांदा बटण दाबू शकत. पुढच्या काही गुरुवारी मी काम करत असल्यासारखी बसून समोरच्या कपाटाच्या काचेत पाहत राहिले. काचेत सरांचा पडदा उलटा दिसतो. एका गुरुवारी सुरगाण्याचं नाव आलं. सरांनी खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं. म्हणाले, तिचा आवाज बरोबर येत नाहीये, घाटात नको. बटण. दिंडोरी.

मला नाही वाटत, आपण काही करतोय हे त्यांना ठाऊक होतं. तुम्ही पंक्तीत वाढताना ओळखीच्या ताटात एक पुरी जास्त टाकता, तेव्हा ठरवून थोडीच टाकता? त्यांना खरोखरच आवाज ऐकू येत असणार. फक्त तो गुरुवारीच यायचा.

मी कुणाला काही बोलले नाही. का बोलेन? घाट चुकत होता, ती बोली न कळून हो-हो म्हणायचं चुकत होतं.

आणि मग वीज कंपनीनं परीक्षा ठेवली. सरांची ही फाशाची पद्धत सगळीकडे लावायची की आमचं काम बंद करून दुसरं काही आणायचं, हे त्यावर ठरणार होतं. सरांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं यात घातली होती आणि आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्याही त्यावरच होत्या. परीक्षा साधी. महिनाभर रोजचं काम नेहमीसारखं चालणार, कंपनीचा एक माणूस आमच्यात बसून पाहणार. केदार आणि मी चोर. फासा पडायच्या आधी, सकाळी, आम्ही कंपनीच्या मोठ्या मॅडमना मोबाइलवर कळवायचं की आज हल्ला कुठे. तपासणीची गाडी त्या दिवशी तिथे गेली तर आम्ही पकडलो गेलो. नाही गेली तर सुटलो. चोर अधूनमधून सुटणार, हे धरलेलंच होतं. बघायचं होतं ते हे, की चोराला आधीच अंदाज येतो का.

केदारचा एक सिद्धांत होता. तो म्हणे, सरांचा फासा पोटातून पडतो. संकष्टीला सरांचा उपास, आणि घोटीच्या रस्त्यावर त्यांची लाडकी मिसळ. उपासाच्या दिवशी ते घोटीला जायचे नाहीत, काहीतरी कारण काढून फासा पुन्हा टाकतील. संकष्टीच्या दिवशी त्यानं छाती पुढे काढून घोटीवर हल्ला कळवला. त्या दिवशी जायची पाळी सरांचीच होती, आणि त्याच सकाळी फाशात घोटी आलं. सरांनी बॅग उचलली आणि निघाले. ड्रायव्हरकाकांनी समोर बसून तर्रीसकट मिसळ खाल्ली आणि सर दोन केळी खाऊन सबस्टेशन तपासून आले. केदार त्या महिन्यात पकडला गेला तो तसा. सरांनी त्याला उरलेलं केळं दिलं.

माझ्यापुढे प्रश्न होता. मला पद्धतीतलं भोक माहीत होतं. ते वापरलं नाही तर परीक्षा छान पार पडेल, सर खूश होतील, आणि गुरुवारी सुरगाण्याचा दरवाजा उघडाच राहील. वापरलं तर सरांची हार. दोन दिवस मी मागेपुढे करत राहिले. शेवटी मी त्यांचंच ऐकलं आणि मनापासून चोर झाले. दर गुरुवारी एकच नाव कळवलं: सुरगाणा.

महिन्याच्या शेवटी कंपनीच्या हॉलमध्ये सगळे जमले. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, ज्यांना मी ओळखत नाही असे कितीतरी साहेब. मोठ्या मॅडमनी निकाल वाचायला घेतला. एकूण पद्धत चांगली उतरली होती. सरांच्या चेहऱ्यावर बागेत पहिला घड दिसल्यासारखं हसू होतं. मग मॅडम थांबल्या. म्हणाल्या, दोन चोरांपैकी एक चोर दर गुरुवारी एकाच ठिकाणी गेला आणि दर वेळी सुटला. त्यांतल्या दोन गुरुवारी फाशात तेच नाव आलं होतं आणि दोन्ही वेळा गाडीचं कारण देऊन फासा पुन्हा टाकला गेला. त्यांच्या माणसानं समोर बसून पाहिलं होतं. गाडी मात्र त्याच दिवशी दुसरीकडे धावली.

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. मॅडमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"सर, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण विचारावं लागेल. चोराला आतून कुणी सांगत होतं का?"

केदारनं गंमत करून वेळ मारून न्यावी असं मला वाटलं, पण तो पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. सर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी मनातल्या मनात गुरुवार मोजायला सुरुवात केलेली मला दिसली. समीकरण सुटताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो, तसा तो फिरत होता. मग तो थांबला आणि त्यांचे कान लाल झाले. मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुम्हीच सांगा, तुम्हाला कसं कळायचं?

एवढे लोक माझ्याकडे बघताहेत हे पाहून सर पटकन उभे राहिले. म्हणाले, "तिला नका विचारू. मी सांगतो. चूक माझी आहे."

आता सर नाशिकला नसतात. बडोद्याला मुलीकडे असतात, नातीला बुद्धिबळ शिकवतात आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे मुद्दाम हरतात. आमचं ऑफिस चालू आहे. फासा पुन्हा टाकायचं बटण आता एकट्या माणसाला दाबता येत नाही, आणि कुणाची पाळी कोणत्या वारी, हेही फासाच ठरवतो. त्यांची आठवण आली की मला डब्यातलं लोणचं आठवत नाही, नाणं आठवत नाही. आठवतात ते त्या हॉलमध्ये उभे राहिलेले सर. एक हात टेबलावर, दुसरा माझ्या आणि त्या सगळ्या साहेबांच्या मध्ये धरलेला, जणू पाऊस माझ्या अंगावर येतोय. त्या क्षणीही ते तेच करत होते. माझ्या वाट्याचा घाट पुन्हा एकदा चुकवत होते.

तेव्हा मीही उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा मोठा आवाज झाला.

"सर, तुम्ही बसा, मी सांगते," मी म्हणाले. "मॅडम, मला कुणीही काही सांगितलेलं नाही. गुरुवारी तपासणीला जायची पाळी माझी असते. सुरगाण्याच्या घाटात मला त्रास होतो आणि तिथल्या लोकांशी मला बोलता येत नाही, हे सरांनी एकदा पाहिलंय. म्हणून गुरुवारी तिथं कुणीच जाणार नाही, हे मला माहीत होतं. पद्धतीत खोट नाही, त्यांनी फक्त मला जपलं. ते आता बंद करा. उद्याच गुरुवार आहे, आणि फाशात सुरगाणा आलं तर मी जाणार आहे."